फाँडंट आच्छादन
केकवर लाटून पसरावयाचा साखरेचा लवचीक थर. पिठीसाखर, ग्लुकोज पाक, ग्लिसरीन व जिलेटीन एकत्र मळून त्याचा गोळा करतात. जिलेटिनामुळे थर न फाटता ताणला जातो, तर ग्लिसरीन ओलावा धरून ठेवीत असल्याने तो मऊ राहतो. जिलेटीन प्राणिजन्य असल्यामुळे शाकाहारी लोकांसाठी त्याऐवजी अगर किंवा वनस्पतिज डिंक वापरतात.

केकला प्रथम बटरक्रीमचा पातळ लेप देतात. ताज्या क्रीममधील पाण्याने साखर विरघळत असल्यामुळे ते टाळतात. पोळी सु. ३ ते ४ मिमी. जाड लाटतात. तिचा व्यास केकचा व्यास व उंचीची दुप्पट यांच्या बेरजेहून किंचित अधिक असावा लागतो, उदा., २० सेंमी. व्यासाच्या व १० सेंमी. उंच केकसाठी सु. ४५ सेंमी. पोळी माथ्यावरून कडांकडे हलक्या हाताने बसवून चुण्या घालवितात व जादा भाग कापतात.

वाशिम जिल्ह्यासारख्या विदर्भातील प्रदेशात कोरड्या उन्हाळ्यात गोळा लवकर सुकून पोळीला भेगा पडतात; पावसाळ्यात ती हवेतील ओलावा शोषून चिकट होते. म्हणून गोळा नेहमी हवाबंद ठेवतात. प्रशीतकातून काढलेल्या केकवर बाष्प साचून थर पाझरतो.