मालवाहू ई-सायकल आणि ट्रेलर : लघुअंतर वाहतुकीचे अर्थकारण

देशातील मालवाहतुकीची चर्चा प्रामुख्याने महामार्ग, बंदरे आणि समर्पित रेल्वे मालमार्ग यांच्याभोवती फिरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये पंतप्रधान गतिशक्ती राष्ट्रीय बृहत् आराखडा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासकीय अनुमानानुसार २०२३-२४ या वर्षी देशातील लॉजिस्टिक्स खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ७.९७ टक्के होता. परंतु कोणताही माल अखेरीस महामार्ग सोडून गल्लीत शिरतो. प्रवासाच्या या अखेरच्या तीन-चार किलोमीटरमध्ये अंतर अल्प असले, तरी चढउतार, थांबे, गर्दी आणि मनुष्यबळ यांवरील खर्च मोठा असतो. या टप्प्यासाठी मालवाहू ई-सायकलीला मागे ट्रेलर जोडून तिची क्षमता वाढविणे, हा एक पर्याय जगात पुढे आला आहे. तो भारतातील मध्यम शहरांना कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात तामिळनाडूतील कुंभकोणमच्या संदर्भात केला आहे.

कुंभकोणम : एक प्रातिनिधिक शहर

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या परिसरात वसलेले मंदिरांचे नगर आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा प्रदेश तंजावरच्या भोसले घराण्याच्या अमलाखाली होता. त्यामुळे मराठी वाचकाला तो परका नाही. २०११ च्या जनगणनेनुसार तत्कालीन नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १,४०,१५६ होती आणि क्षेत्रफळ १२.५८ चौरस किलोमीटर होते. २०२१ मध्ये येथे महानगरपालिका अस्तित्वात आली. जुन्या नगरपालिका क्षेत्राची वर्तुळाकार कल्पना केली, तर त्याचा व्यास सुमारे चार किलोमीटर भरतो. म्हणजेच जुन्या शहरातील बहुसंख्य मालफेऱ्या तीन-चार किलोमीटरच्या आतच संपतात.

परिसरातील उत्पादनेही लक्षात घेण्याजोगी आहेत. स्वामिमलै येथील पंचधातूच्या मूर्ती, नाचियारकोविल येथील पितळी समया, तिरुभुवनम् येथील रेशमी साड्या आणि कुंभकोणमचे विड्याचे पान या चारही उत्पादनांना भौगोलिक निर्देशांक प्राप्त आहे; विड्याच्या पानाला तो २०२५ मध्ये मिळाला. ही गावे शहरापासून साधारणतः दहा किलोमीटरच्या परिघात येतात. यांपैकी पितळेची समई आकाराने लहान परंतु जड असते. येथे वाहनाची मर्यादा वजनाने ठरते. विड्याच्या पानांच्या करंड्या त्या मानाने हलक्या, पण जागा व्यापणाऱ्या आणि नाशवंत असतात. येथे मर्यादा घनफळाची व वेळेची असते. ट्रेलरमुळे वजनक्षमता आणि जागा या दोन्ही गोष्टी वाढतात, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

सपाट भूमीचा लाभ

ट्रेलरची उपयुक्तता समजून घेण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे. सपाट रस्त्यावर मंद गतीने जाणाऱ्या वाहनाला मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते : चाकांचा घर्षणविरोध आणि हवेचा विरोध. समजा, चालक ६५ किलो, ई-सायकल ३५ किलो आणि तिच्यावरील माल ४० किलो, असे एकूण १४० किलो वजन ताशी १५ किलोमीटर वेगाने न्यायचे आहे. घर्षणाचा गुणांक ०.०१ धरल्यास त्यासाठी सुमारे ९० वॅट शक्ती लागते. आता २० किलोचा ट्रेलर जोडून त्यात आणखी ८० किलो माल ठेवला, तर एकूण वजन २४० किलो होते आणि आवश्यक शक्ती सुमारे १३० वॅट होते. माल तिप्पट झाला, पण शक्ती दीडपटीपेक्षा फारशी वाढली नाही. कारण चालक आणि सायकल यांचे वजन तेच राहते आणि हवेचा विरोधही मालाच्या प्रमाणात वाढत नाही.

चढावर मात्र चित्र पालटते. केवळ तीन टक्के चढ असला, तरी २४० किलोसाठी त्याच वेगाला सुमारे ३०० वॅट अधिक लागतात. मोटारीची कायदेशीर मर्यादा आणि माणसाच्या पायांची ताकद पाहता वेग ताशी १० ते १२ किलोमीटरपर्यंत उतरवावा लागतो. म्हणूनच डोंगराळ शहरापेक्षा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील सपाट शहर या साधनाला अधिक अनुकूल ठरते. तेथे चढ येतो तो प्रामुख्याने पुलांवर. विजेचा खर्चही अल्प आहे. थांबे आणि अपव्यय धरून प्रति किलोमीटर १५ वॅट-तास वीज लागते असे मानले, तर दिवसाच्या २४ किलोमीटरसाठी अर्ध्या युनिटहूनही कमी वीज पुरते.

तथापि, ट्रेलरबरोबर जोखीमही येते. ब्रेकचा जोर तोच राहिला आणि वजन १४० वरून २४० किलो झाले, तर थांबण्याचे अंतर सुमारे १.७ पट होते. मालाचा भार ट्रेलरच्या आसापेक्षा किंचित पुढे असावा लागतो; तो मागे गेल्यास सायकलीचे मागचे चाक उचलले जाते आणि ट्रेलर डोलू लागतो. जड मालासाठी ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असणे ही चैन नसून गरज आहे. २०१७ मध्ये लंडनच्या कॅम्डेन भागात एका आंतरराष्ट्रीय कुरियर कंपनीने सायकलीला जोडायच्या, २०० किलोपर्यंत भार नेणाऱ्या ट्रेलरची चाचणी सुरू केली, तेव्हा भाराचा ताण चालकाला जाणवू नये अशी यंत्रणाच ट्रेलरमध्ये बसविण्यात आली होती.

खेपांचे गणित आणि मजुरीचा प्रश्न

अर्थशास्त्रात ज्याला भांडवलाची अविभाज्यता म्हणतात, तिचे हे उत्तम उदाहरण आहे. छोट्या व्यापाऱ्याचा माल सायकलीला जास्त आणि टेम्पोला कमी असतो. अर्धा टेम्पो विकत घेता येत नाही. ट्रेलर मात्र गरजेपुरता जोडता आणि सोडता येतो. उदाहरणादाखल, एका दुकानाला तीन किलोमीटरवरून दररोज ४०० किलो माल आणायचा आहे असे मानू. ४० किलोच्या हिशेबाने दहा खेपा, म्हणजे ६० किलोमीटर आणि चार तास लागतील. ट्रेलरसह १२० किलो नेल्यास चार खेपा, २४ किलोमीटर आणि ९६ मिनिटे पुरतील. माल चढविण्या-उतरविण्यासाठी दोन्ही वेळा एकूण १०० मिनिटे धरली, तर ५ तास ४० मिनिटांचे काम ३ तास १६ मिनिटांत होते. दुसरा ट्रेलर हाताशी असल्यास पहिला रस्त्यावर असताना दुकानातील माणूस दुसरा भरून ठेवू शकतो. मग चालकाचा थांबण्याचा वेळही वाचतो.

वाचलेले हे २ तास २४ मिनिटे कोणाच्या पदरी पडतात, हा येथील कळीचा प्रश्न आहे. मजुरी खेपेवर ठरत असेल आणि दर खेपेला ४० रुपये असेल, तर दहा खेपांचे ४०० रुपये मिळत; चार खेपांचे केवळ १६० रुपये मिळतील. उत्पादकता वाढली आणि मजुराचे उत्पन्न निम्म्याहूनही खाली आले, अशी विपरीत स्थिती उद्भवते. शिवाय प्रत्येक खेपेचा भार तिप्पट झालेला असतो. तोच दर प्रति किलो एक रुपया असा ठरविला, तर मजुराला ४०० रुपयेच मिळतात आणि उरलेल्या वेळात दुसरे काम घेता येते. तंत्रज्ञान तेच असले, तरी त्याच्या लाभाचे वाटप मोबदल्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. ट्रेलर कोणाच्या मालकीचा आहे, हाही तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. तो चालकाचा स्वतःचा असेल तर भांडवलाचा परतावाही त्यालाच मिळतो; भाड्याचा असेल तर त्यातील वाटा मालकाकडे जातो.

कायद्याची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार, ज्या सायकलीच्या सहायक मोटारीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आहे, जिची मोटार ताशी २५ किलोमीटर वेगाला किंवा पायडल थांबताच बंद होते आणि जिचे बॅटरी वगळून वजन ६० किलोपेक्षा अधिक नाही, ती योग्य ब्रेक व परावर्तक असल्यास मोटार वाहन मानली जात नाही. तिला नोंदणी वा चालक परवाना लागत नाही. याउलट तीनचाकी ई-कार्ट हे मोटार वाहन असून त्याला ३१० किलोपर्यंत माल नेण्याची मुभा आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार ट्रेलर म्हणजे मोटार वाहनाने ओढले जाणारे वाहन होय. साहजिकच मोटार वाहन नसलेल्या ई-सायकलीचा ट्रेलर या व्याख्येत बसत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत यांत्रिक शक्तीवर चालणारी वाहने समवर्ती सूचीत (नोंद ३५), तर इतर वाहने राज्यसूचीत (नोंद १३) आहेत, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे. या मोकळीकीचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे गरीब चालकाला परवान्याचा खर्च न करता व्यवसाय करता येतो. दुसरा असा की, अपघात झाल्यास मोटार वाहनांसाठी असलेले सक्तीच्या त्रयस्थ विम्याचे संरक्षण आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग जखमी व्यक्तीला उपलब्ध राहत नाही. शिवाय जड माल ओढण्यासाठी अधिक शक्तीची मोटार बसविल्यास तीच सायकल नोंदणी नसलेले मोटार वाहन ठरते आणि चालक कायद्याच्या कचाट्यात सापडतो.

धोरणातील स्थान

२०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेसाठी १०,९०० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. तिचा भर मोटार वाहन म्हणून नोंदल्या जाणाऱ्या वाहनांवर आहे. दिल्ली सरकारने मात्र २०२२ मध्ये मालवाहू ई-सायकलींना अनुदान जाहीर केले होते. तामिळनाडूच्या २०२३ च्या विद्युत वाहन धोरणात चेन्नई, कोइमतूर, तिरुचिरापल्ली, मदुरै, सेलम आणि तिरुनेलवेली ही सहा शहरे विद्युत वाहन शहरे म्हणून निवडण्यात आली. कुंभकोणमसारखी मध्यम शहरे त्या यादीत नाहीत. वस्तुतः अंतर कमी आणि गल्ल्या अरुंद असल्याने या साधनाची उपयुक्तता अशा शहरांतच अधिक आहे.

या विचाराला महाराष्ट्रात पूर्वपीठिका आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने डॉ. अनिल राजवंशी यांच्या नेतृत्वाखाली सुधारित सायकलरिक्षा, मोटार-साहाय्यित सायकलरिक्षा आणि विजेवरील रिक्षा विकसित केल्या व २००२ मध्ये त्यासंबंधीचे विवेचन प्रसिद्ध केले. मानवी श्रम कमी करणारे साधन श्रमिकाच्या आवाक्यात असले पाहिजे, हा त्या प्रयत्नाचा गाभा होता.

पुढील दिशा

वरील विवेचनावरून काही उपाय सुचतात. ठरावीक वजनापुढील ट्रेलरला ब्रेक, परावर्तक आणि जोडाचे प्रमाणित मापदंड सक्तीचे करावेत. बाजारपेठांत माल चढविण्या-उतरविण्यासाठी राखीव जागा ठेवाव्यात. चालकांसाठी अल्प हप्त्याचा सामूहिक अपघात विमा असावा आणि त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचाही त्यात समावेश व्हावा. मोबदला खेपेऐवजी वजन आणि अंतर यांवर ठरविण्याचा प्रघात पाडावा. साधनाच्या मालकीसाठी पतपुरवठ्याची सोय अंशतः उपलब्ध आहे : जून २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेची ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्रचना होऊन पथविक्रेत्यांच्या कर्जाचे तीन टप्पे १५,०००, २५,००० आणि ५०,००० रुपये असे करण्यात आले. विक्रेत्यांप्रमाणेच माल वाहणाऱ्या श्रमिकांनाही अशा कर्जाच्या कक्षेत आणण्याचा विचार व्हावयास हवा. बचत गटांनी सामायिक ट्रेलर ठेवल्यास एकट्याने भांडवल उभारण्याचा भार हलका होईल.

कुंभकोणमचा महामहम् उत्सव बारा वर्षांतून एकदा येतो. २०१६ नंतरचा उत्सव २०२८ मध्ये आहे. त्या काळात शहरात माणसांबरोबर मालाचाही ओघ वाढतो आणि मोठ्या वाहनांना गल्ल्या अपुऱ्या पडतात. ई-सायकल व ट्रेलर यांचा उपयोग तपासण्यासाठी ही सुयोग्य संधी आहे. परंतु अशा प्रयोगाचे यश किती टन माल हलला एवढ्यावरच मोजून चालणार नाही. दिवसअखेर तो हलविणाऱ्याच्या हाती किती रुपये आणि किती तास उरले, हीदेखील विकासाची कसोटी मानली पाहिजे.