बिलाच्या मथळ्यात नाव का येत नाही?



"साहेब, ऊस आमचा, वजन आमचं, अन् बिलावर नाव काहून नाही?" हिवरा आश्रम गटातील काही सभासदांनी या पंधरवड्यात आम्हांस असे विचारले. टन, दर, कपात सारे बरोबर, पण वरच्या मथळ्यात कुणाचे नाव कोरे, तर कुणाच्या पुरवठ्याच्या तारखा कोऱ्या. आम्ही संगणक विभागात बसून कारण शोधले.

घाबरू नये. आपला हिशेब सभासद क्रमांकावर चालतो, त्यामुळे मथळा कोरा म्हणून पैसे दुसऱ्याच्या खात्यात जात नाहीत.

मथळ्यात नाव आधीपासून छापलेले नसते. 'येथे नाव आणा' एवढीच खूण तेथे असते व छपाईच्या वेळी डेटाबेसमधून नाव तेथे येऊन बसते.

तारखांचा दोष क्रमाचा निघाला. संगणक मथळा आधी छापतो व वजनाच्या ओळी नंतर वाचतो. आपल्या प्रोग्रॅममध्ये तारखा मात्र त्या ओळींवरूनच ठरत होत्या. गाडी काट्यावर येण्याआधीच पावती लिहायला घेतली, तर वजनाच्या जागी काय लिहिणार? म्हणून पहिल्या पानावर कोरे अन् दुसऱ्या पानावर तारीख हजर, असा प्रकार झाला. आता तारखा आधी काढून मग मथळा छापला जातो.

नावाचे कारण वेगळे. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व आडनाव हे तीन रकाने जोडून पूर्ण नाव तयार होते. डेटाबेसमध्ये एखादा रकाना भरलेलाच नसेल, तर तो जोडताना पुष्कळदा सबंध नावच नाहीसे होते. एक बैल नाही म्हणून अख्खी गाडीच दावणीला! वारसाने सभासद झालेल्या भगिनींच्या नोंदीत मधले नाव राहून गेल्याचे जास्त आढळले. उरलेले नाव तरी छापावे अशी सोय आता केली आहे, परंतु नोंद पुरी झालीच पाहिजे. काही ठिकाणी रकाना अरुंद असल्याने आडनाव तुटते, तेवढे रुंदीचे काम बाकी आहे.

तारखांकडे विशेष लक्ष द्यावे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज लागते. बिलावर तारीखच नसेल तर दिवस मोजायचे कुठून? यासाठी काट्यावरच्या वजन पावत्या जपून ठेवा, त्यांवर तारीख असते.

ज्यांचे बिल कोरे आले त्यांनी बिल, वजन पावत्या व बँकेचे पासबुक घेऊन गट कार्यालयात यावे. मधले नाव तेथेच भरून घेऊ व बिल पुन्हा छापून देऊ. कोऱ्या जागी पेनाने नाव मात्र कुणाकडून लिहून घेऊ नका. तसा कागद बँकेत चालेलच असे नाही.