कच्च्या रंगाचा महिना

वैशाखातली गोष्ट. भाच्याचं लग्न पाच दिवसांवर आलं होतं आणि नवरदेवासाठी माझीच गाडी ठरली होती. बोनेटला पोचा पडला होता, म्हणून ती वऱ्हाडातल्या वलगावच्या एका गॅरेजात टाकली. तिसऱ्या दिवशी बोनेट आरशासारखं होऊन मिळालं. चावी देताना पेंटर म्हणाला, "भाऊ, रंग वायला हाये, पकला नाई अजून. म्हैनाभर त्याले काई लावू नोका." मी मान हलवली आणि विसरलो.

लग्नाच्या सकाळी फुलवाल्याने झेंडूच्या माळा बोनेटवर सेलोटेपने चिकटवल्या. गाडी दिवसभर मांडवापुढे उन्हात उभी. संध्याकाळी टेप ओढली तर तिच्या कडा रंगात उमटलेल्या, आणि एका ठिकाणी नखाएवढा पापुद्रा टेपसोबतच निघून आलेला. फुलवाल्याचा यात काही दोष नाही. रंग कच्चा आहे हे त्याला मी सांगायला हवं होतं. बोनेट पुन्हा रंगवायला टाकलं, तेव्हा मात्र मी तिथेच बसून सगळं काम पाहिलं.

रंग हा या कामातला सगळ्यात छोटा भाग. आधी डेंटर पत्रा ठोकून वर आणतो, उरलेली उणीव पुट्टी भरून काढते. मग घासकाम: ८० नंबरच्या पेपरपासून चढत चढत, अस्तर मारून झालं की पाणी लावून ८०० पर्यंत. पत्रा सपाट झाला की नाही, हे पेंटर डोळ्यांनी ठरवत नाही. तो तळहात सपाट ठेवून बोनेटवरून हळू फिरवतो, एका जागी थांबतो, मागे येतो, आणि पेन्सिलीने खूण करतो. मला तिथे काहीच दिसत नव्हतं. त्याने माझा हात धरून फिरवला तेव्हा बारीकसा उंचवटा लागला.

गन हातात घेण्याआधी त्याने जमीन झाडली, पाणी शिंपडलं, कपडे झटकले. २० डिसेंबर १९५६ रोजी याच वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर, गाडीत असतानाच गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांच्या खराट्याची आठवण इथे यावी, इतकी ती झाडलोट मन लावून चालली होती. ओल्या रंगावर धुळीचा कण बसला की बसला. कापसाचा हंगाम तर वऱ्हाडातल्या पेंटरची परीक्षाच घेतो. जिनिंग सुरू झाली की हवेत रुईचे तंतू तरंगतात आणि एखादा नेमका वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर उतरतो.

आता मूळ प्रश्न. कारखान्यातला रंग लगेच पक्का होतो, मग गॅरेजातला का नाही? कारखान्यात उघडा सांगाडा रंगवतात. तेव्हा त्यात ना वायरिंग असतं, ना सीट, ना रबर, म्हणून तो साधारण १४० अंशांच्या भट्टीतून काढता येतो. तयार गाडीला तेवढी उष्णता सोसत नाही. चांगल्या बूथमध्येही ६० अंशांच्या आसपास अर्धा तास तापवतात, आणि साध्या गॅरेजात सगळं हवेवरच सोडावं लागतं.

पूर्वीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग नुसता थिनर उडाला की वाळायचा. अमेरिकेत १९२०च्या दशकात 'ड्यूको' नावाने तो आला आणि कित्येक आठवडे चालणारं गाड्यांचं व्हार्निशकाम काही तासांवर आलं. आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीही गॅरेजातून याच रंगाने नव्या होऊन निघत. आजचा रंग दोन डब्यांचा आहे. क्लिअरमध्ये हार्डनर मिसळला की दोघांची रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यांचे रेणू एकमेकांत जाळं विणत जातात. बोटाला कोरडा लागला तरी आत हे विणकाम चालूच असतं आणि उरलेला थिनर हळूहळू बाहेर पडत असतो. ते पुरं व्हायला रंग आणि हवामान पाहून ३० ते ९० दिवस लागतात.

सगळी निगा एवढ्यावरूनच उमगते. मेण, पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग लवकर चढवलं तर थिनर आतच कोंडतो, रंग मऊ राहतो, त्यावर फोड किंवा मळकटपणा येतो. कव्हर घातलं तरी हवा अडते आणि कापड घासतं. पहिला आठवडा धुऊच नका. पुढे नुसतं पाणी आणि मऊ फडकं; जोराच्या फवाऱ्याची धुलाई महिनाभर नाही. गाडी मोकळ्या सावलीत ठेवा, पण निंबाखाली नको. पक्ष्यांची विष्ठा कच्च्या रंगाला काही तासांत खाते. ओलं फडकं ठेवून ती भिजवा आणि अलगद उचला, खरवडू नका. संत्र्याच्या बागेत कोळशी पडली असेल तर झाडांवरून चिकटा गळतो, तिथे गाडी लावूच नये. पेट्रोल सांडलं तर तत्काळ पाण्याने धुवा.

एक गोष्ट मात्र बघवली नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याच्या फवाऱ्याने दम्याचा आजार जडू शकतो. पेंटरने नाकाला फक्त रुमाल बांधला होता. रुमालाने तो अडत नाही. त्याला गाळणीचा मास्क लागतो, आणि बाहेरून हवा पुरवणारा असेल तर उत्तम. गॅरेजच्या मालकांनी हा खर्च टाळू नये आणि आपणही बिलात त्यासाठी घासाघीस करू नये.

या खेपेला मी बोनेटला दोन महिने काही लावलं नाही. ते अजून तसंच आहे, डाग नाही की फोड नाही. घरात कार्य असेल तर गाडी निदान दोन महिने आधी रंगवायला टाका. ते जमत नसेल तर पोचा असू द्या आणि माळा टेपने चिकटवण्याऐवजी दोऱ्याने बांधा.