तारण जागेवर नाही

माझा मुलगा पाथरीला जन्मला, पण त्याला पाथरी आठवत नाही. तो दोन वर्षांचा असताना माझी बदली झाली आणि बँकेच्या नोकरीत एकदा गाव सुटले की ते बदलीच्या कागदावरच उरते. गेल्या दिवाळीनंतर त्याने हौसेने एक चाकावरचे घर भाड्याने घेतले. कॅरॅव्हॅन म्हणतात त्याला. आत झोपायला पलंग, दोन शेगड्या, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी आणि दाराआड न्हाणीघर. "बाबांचं जन्मगाव बघायचं," असा आठ वर्षांच्या नातीचा हट्ट होता. तेव्हा पुण्याहून निघून नगर, पाथर्डी, गढी, माजलगाव या रस्त्याने पाथरी गाठायची असे ठरले. नगरचे आता अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या तोंडी अजून जुनेच नाव येते.

पाथरी हे नाव अलीकडे साईबाबांच्या जन्मस्थानावरून लोकांना ठाऊक झाले. २०२० च्या जानेवारीत त्यावरून वाद पेटला आणि शिर्डीत बंद पाळला गेला, तेव्हा परभणी जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावाचे नाव रोज वर्तमानपत्रात येत होते. माझ्या मनातली पाथरी मात्र वेगळी आहे, आणि ती पाथर्डीच्या पुढेच मला समोरून येताना दिसू लागली.

ट्रॅक्टर येत होते. एकामागे दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत पोती, पत्र्याच्या पेट्या, हंडे, बांबू, ताडपत्र्या, गोधड्यांची गाठोडी, त्यांवर बसलेल्या बाया, त्यांच्या मांडीवर लेकरे, आणि एका ट्रॉलीच्या फळीला बांधलेली शेळी. बारा-चौदा ट्रॅक्टर मोजल्यावर नातीने विचारले, "आजोबा, यांची पण कॅरॅव्हॅन आहे का?"

मी "हो" म्हणालो. दुसरे काय म्हणणार? पण त्या एका शब्दाने मला छत्तीस वर्षे मागे नेले.

सन १९८९. मी पाथरीच्या शाखेत शेतीकर्जाचा अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचा तो जमाना. म्हशी, शेळ्या, बैलगाड्या यांसाठी कर्ज, त्यावर सरकारी अनुदान, आणि वर्षातून ठरावीक वेळा 'तारण पाहणी'. जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला असे. त्याचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळला, की तारण शाबूत आहे असे समजायचे. त्या कार्तिकात एका कर्जदाराची बैलजोडी पाहायची राहिली होती. गावात गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाला, "काल रातीच पाथरीला गेलेत मुक्कामाला. आज पहाटं निघाले असतील कारखान्याला. सहा महिने काई येत नसतेत."

त्या माणसाचे नाव मी लिहीत नाही. खातेदाराचे नाव बाहेर बोलू नये, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

मी माजलगावकडे जाणारी एस.टी. धरली आणि कंडक्टरला सांगितले, बैलगाड्यांची रांग दिसली की घंटी मारा. पाच-सात किलोमीटरवर रांग दिसली. सात गाड्या होत्या. तिसऱ्या गाडीचे बैल माझे, म्हणजे बँकेचे. बिल्ले जुळले. माझे काम पाच मिनिटांत संपले होते. पण परतीची एस.टी. दुपारशिवाय नव्हती. कारभारी म्हणाला, "सायेब, उन्हात कामून उभे ऱ्हाता? बसा की गाडीत." मी बसलो, आणि तो अख्खा दिवस त्या गाडीतच गेला.

बँकवाल्याची खोड म्हणून मी गाडीतल्या सामानाची मनातल्या मनात यादी केली. ज्वारीची दोन पोती, पिठाचा डबा, तवा, परात, लोखंडी चूल, रॉकेलचा कंदील, बाजले, कोपीसाठी तट्ट्या आणि बांबू, डालग्यात तीन कोंबड्या, फडक्यात बांधलेले देवाचे टाक आणि पोत्यात गुंडाळलेले दोन कोयते. माणसे पाच : कारभारी, त्याची बायको, म्हातारी आई, आठ वर्षांची मुलगी आणि दुपट्यातले पोर. शिवाय गाडीच्या सावलीत चालणारे एक कुत्रे. गाडा आपणच ओढतो असे गाड्याखालच्या कुत्र्याला वाटते म्हणतात. त्या दिवशी मला ती म्हण त्याच्यापेक्षा माझ्याच खात्याला लागू वाटली.

ऊसतोडीच्या भाषेत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसे आणि हत्यार एक. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार. कोयत्यामागे मुकादम पावसाळ्यातच आगाऊ रक्कम देतो, तिला 'उचल' म्हणतात. पेरणी, दवाखाना, लग्न, सावकाराचे जुने देणे यांत ती दिवाळीच्या आत संपते. मग कार्तिकापासून चैत्रापर्यंत ती अंगमेहनतीने फेडायची. मजुरी टनावर. एक दिवस आजारपणात गेला की 'खाडा', आणि त्याचा भुर्दंडही हिशोबात धरला जातो. उसाचे वाढे चाऱ्याला विकून जे चार पैसे येतात, तेवढीच रोजची रोकड. हंगाम संपला, म्हणजे 'पट्टा पडला', की हिशोब. फिटले तर सुटका. उरले तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे. हे सगळे मला कारभाऱ्याने बैल हाकताना सांगितले, तक्रारीचा सूर न लावता. मजुरीचा दर सांगावा तसे.

मुलगी पुढे बसून किलोमीटरचे दगड मोठ्याने वाचत होती. "माजलगाव एकोणीस." थोड्या वेळाने, "माजलगाव अठरा." तिसरीत होती. मी विचारले, "शाळेचं काय?" ती म्हणाली, "गुरुजींनी पटावर नाव ठिवलंय." पटावर नाव, घराला कुलूप, कागदावर कायमचा पत्ता. सगळे कसे जागेवर होते, फक्त माणसे रस्त्यावर होती.

ढालेगावला गोदावरीचा पूल ओलांडून गाड्या सोडल्या. बैलांना पाणी, माणसांना भाकरी. म्हातारीने ठेचा आणि कांदा पुढे केला आणि विचारले, "आमचं खाता का सायेब?" मी खाल्ले. खाताना मी काहीतरी बोलायचे म्हणून बोललो : एवढ्या अंधारात निघता ते बरे करता, बैलांना ऊन लागत नाही. कारभारीण पाठमोरी होती, ती वळलीसुद्धा नाही. उत्तर म्हातारीने दिले, "बैलाचं निमित्त हाय, बाप्पा. आमा बायांचं उजाडायच्या आत उरकावं लागतंय. उजाडलं की अंधार पडंस्तोर काईच नाई." त्यानंतर माझ्या लक्षात आले की सकाळपासून दोघींनीही तांब्याला तोंड लावले नव्हते.

संध्याकाळी माजलगावच्या अलीकडे गाड्या थांबल्या. तीन दगडांवर चुली पेटल्या. नगर जिल्ह्यातला कारखाना अजून आठवडाभराच्या वाटेवर होता. मी एस.टी.ने परत आलो आणि दुसऱ्या दिवशी पाहणीचा नमुना भरला. तारण सुस्थितीत आहे काय? आहे. तारण कर्जदाराच्या ताब्यात आहे काय? आहे. तारण नमूद जागेवर आहे काय? नाही. खाली शेऱ्यात लिहिले : 'कर्जदार वर्षातील सुमारे सहा महिने कुटुंबासह परजिल्ह्यात असतो.' यातला शब्दन् शब्द खरा होता. एक दिवस बैलगाडीत बसून तो मिळवला, याचा मला थोडा अभिमानही वाटला.

पुढच्या चैत्रात कारभारी शाखेत आला. उपरण्याच्या गाठीतून नोटा काढल्या आणि राहिलेले सगळे हप्ते एकदम भरले. असा कर्जदार आमच्या यादीत विरळाच. मग खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला, "एक म्हैस घ्यावी म्हन्तो. म्हातारी आन् पोरगी गावातच ऱ्हातील, दूध घालतील. पोरगी शाळंत जाईल. आमी दोघंच जाऊ तोडीला."

मी अर्ज करून घेतला आणि वर पाठवला. महिन्याभराने तो परत आला. नामंजुरीचे कारण म्हणून माझेच वाक्य खाली उतरवलेले होते : कर्जदार वर्षातील सुमारे सहा महिने कुटुंबासह परजिल्ह्यात असतो.

मी त्याला ते वाचून दाखवले. तो क्षणभर थांबला, मग हसून म्हणाला, "म्हंजे गावात ऱ्हायलो तर करज, आन् करज मिळालं तर गावात ऱ्हानार. बरं हाय की." आणि उठून गेला.

अर्जासोबत मी एक ओळ जोडू शकलो असतो. म्हातारी आणि मुलगी गावात राहणार आहेत, म्हैस त्यांच्या ताब्यात राहील, जुने कर्ज मुदतीत फिटले आहे. ती ओळ मला सुचली नाही असे नाही. नमुन्यात तिच्यासाठी रकाना नव्हता, आणि रकान्याबाहेर लिहिणाऱ्याला वरून प्रश्न येतात. त्याच वर्षी माझी बदली झाली. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे मी विचारले नाही. पटावरून तिचे नाव कधी कमी झाले असेल, हेही नाही.

पुढे मोठ्या शहरांत नोकरी करताना मी साखरेच्या तारणावर कारखान्यांना दिली जाणारी कर्जे जवळून पाहिली. पोती गोदामात असतात, मोजता येतात, कुलूप लावता येते. तारण जागेवर असते. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून महाराष्ट्रात या पोत्यांवर कॉलेजे उभी राहिली, इस्पितळे उभी राहिली, राजकारण तर उभे राहिलेच. पण त्या पोत्याची सुरुवात ज्या कोयत्याने होते, तो कोयता कुठल्याही बँकेच्या दृष्टीने जागेवर नसतो. म्हणून त्याला कर्ज मुकादमच देतो. आमचा नकार हेच मुकादमाचे भांडवल, हे कळायला मला निवृत्ती यावी लागली.

तेव्हापासून काही झालेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. साखरशाळा निघाल्या, मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२० च्या टाळेबंदीत हे लोक कारखान्यांवर अडकून पडले, तेव्हा लाखाच्या वर माणसे एप्रिलमध्ये कशी घरी न्यायची हा सरकारपुढे प्रश्न पडला, आणि एरवी न दिसणारी ही वस्ती मोजली गेली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. बैलगाड्यांच्या जागी बहुतेक ट्रॅक्टर आले. उचलीचा आकडा वाढला, उचल मात्र राहिली.

आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने आणखी एक धोरण आणले : कॅरॅव्हॅन पर्यटनाचे. चाकावरच्या घरांनी मुक्काम करावा यासाठी वाहनतळ, तिथे पाणी, वीज, स्वच्छतागृह. धोरण चांगले आहे, मी त्याचा फायदा घेणाराच आहे. पण या राज्यात चाकावरचे घर घेऊन सर्वांत जास्त कोण फिरते, हे ते लिहिताना कुणाला आठवले असेल का, एवढेच मनात आले.

ढालेगावच्या पुलाआधी आमची गाडी चहासाठी थांबली. मागोमाग समोरून आलेला एक ट्रॅक्टर थांबला. बाया उतरल्या आणि आडोसा शोधू लागल्या. दोन्ही बाजूंना रस्ता रुंद झालेला, झाडे गेलेली, सगळे उघडे. नातीने माझा हात धरून हळूच विचारले, "आजोबा, त्यांच्या कॅरॅव्हॅनमध्ये बाथरूम कुठं असतं?"

मी उत्तर शोधत असताना माझ्या पत्नीने आमच्या गाडीचे दार उघडले आणि हाक मारली, "या गं बायांनो, इकडं या." आधी कुणी येईना. मग एक म्हातारी आली, तिच्या मागून बाकीच्या. अर्ध्या तासात टाकी रिकामी झाली. मुलगा म्हणाला, "पाणी संपलं." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण हिशोब होता. माझाच मुलगा तो. यात आमचा कसला मोठेपणा? एका टाकीचे पाणी ते. शेवटी एक मुलगी बाटली घेऊन आली, ती नातीच्याच वयाची. नातीने फ्रीजमधल्या पाण्याची बाटली तिला दिली आणि विचारले, "तू परत कधी येणार?" ती म्हणाली, "पट्टा पडल्यावर." ट्रॅक्टरचा भोंगा वाजला आणि ती पळाली.

परत आल्यावर मुलाने गाडी मालकाच्या ताब्यात दिली. तिथे एक नमुना भरायचा होता. मी चष्मा लावून वाचला. गाडी सुस्थितीत आहे काय? गाडी घेतली त्या जागी परत केली काय? मुलाने दोन्हींपुढे 'होय' लिहिले. आम्ही आगाऊ पैसे दिले होते, म्हणून हवे तेव्हा घरी परतायला मोकळे होतो. त्या ट्रॅक्टरवरच्या माणसांनी आगाऊ पैसे घेतले होते, म्हणून ती मोकळी नव्हती.

आमची अनामत तिसऱ्या दिवशी परत मिळाली.