लक्ष्मीच्या कानातला बिल्ला

"आधी माझ्या कानाला भोक पाड, मग माझ्या गाईच्या!"

गोठ्याच्या दारात आडव्या उभ्या राहून आजींनी असं सुनावलं आणि बिल्ले मारायला आलेला मुलगा हातातली पक्कड तशीच धरून माझ्याकडे बघू लागला. बचत गटाच्या कामासाठी मी त्या गावात महिन्यातून दोनदा जाते. त्यामुळे आजी माझं ऐकतील, अशी त्याची भाबडी समजूत! मला हसू आलं, पण आजी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. "मागच्या पावसाळ्यात शेजारणीच्या म्हशीचा कान पिकला. अळ्या पडल्या. बिल्ला तुटून गव्हाणीत गेला. काय उपयोग झाला त्या आकड्यांचा?"

प्रश्न रास्त होता. २०२२ च्या आधी कुणी विचारलं असतं, तर मलाही उत्तर देता आलं नसतं.

त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी गाईंच्या अंगावर गाठी दिसल्या. लंपी! बघता बघता हा आजार राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत पोचला. गुरांचे बाजार बंद झाले. माणसाला हा आजार होत नाही, तरी अफवांमुळे कित्येक घरांनी दूध घेणं थांबवलं.

बाजार बंद होण्याच्या थोडं आधी आमच्या गटातल्या एका वहिनींनी कर्ज काढून गाभण गाय घेतली होती. आठवडाभरात गाईला ताप आला, नाकाडोळ्यांतून पाणी येऊ लागलं, मग अंगभर गाठी. पाठोपाठ शेजारच्या दोन गोठ्यांतही तेच. डॉक्टर आले. त्यांनी पहिला प्रश्न औषधाचा नाही, गाईचा विचारला. "कुठून आणली?"

"बाजारातून."

"कुणाची होती?"

"दलालाची."

"दलालानं कुठून आणली?"

वहिनी गप्प. गाईच्या कानाला भोक होतं, पण बिल्ला नव्हता. तो आपोआप पडला की कुणी काढला, कोण सांगणार?

गाय वाचली नाही. सरकारने त्या वेळी दगावलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली होती. ती मिळाली, कर्जाचा भार हलका झाला. पण वेगळाच भार त्यांच्या डोक्यावर बसला. "हिनंच आजार गावात आणला," असं पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं. हळदीकुंकवाला कुणी बोलावेना. खरं तर लंपीची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला कधी काही दिवस, तर कधी तीन-चार आठवडेही लागतात. डास, गोचीड, चावणाऱ्या माश्या तो पसरवतात. त्यामुळे आजार गाईबरोबर आला की आधीच गावात होता, हे कुणालाच सांगता येईना. आणि जिथं पुरावा नसतो, तिथं दोष बाईच्या माथी येतो, हे का मी तुम्हाला सांगायला हवं?

मैत्रिणींनो, त्या पिवळ्या बिल्ल्याचं मोल मला तेव्हा कळलं. त्यावरचे १२ आकडे म्हणजे जनावराचं आधार कार्डच. 'पशु आधार' असंच त्याला म्हणतात. देशात एका जनावराचा आकडा दुसऱ्याला मिळत नाही. लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांवर २०१९ मध्ये देशभर लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तिच्यासोबत हे बिल्ले गोठ्यागोठ्यांत आले. आता 'भारत पशुधन' या सरकारी नोंदीत त्या आकड्यासमोर जनावराची जात, वय, वेतं, टोचलेल्या लसी आणि मालकाचं नाव असतं.

एखाद्या गोठ्यात साथ निघाली, की डॉक्टर आकडा टाकून बघतात. हे जनावर आधी कुठल्या गावात होतं, लस कधी टोचली, गेल्या महिन्यात त्या गोठ्यातून कुठली जनावरं विकली गेली. म्हणजे साथीचा माग मागेही काढता येतो आणि पुढेही. जिथं ती पोचली असेल, तिथं लगेच लस देता येते. सगळ्या तालुक्याचे बाजार बंद करण्याऐवजी नेमक्या गावांवर लक्ष ठेवता येतं.

घोड्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या मानेत कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवतात. तिच्यात १५ आकडे असतात, जवळ यंत्र धरलं की दिसतात. पुष्कळांना वाटतं, चिप म्हणजे घोडा कुठं आहे ते फोनवर दिसणार. तसं काही नसतं हं! घोडा कोणता, एवढंच ती सांगते. पण तेवढं कळणंही मोठंच. २०२५ मध्ये केदारनाथच्या वाटेवरच्या घोड्या-खेचरांत एन्फ्लुएंझाची साथ आली, तेव्हा हजारो जनावरं तपासावी लागली आणि मे महिन्यात काही काळ त्यांची वाहतूकही थांबवावी लागली. आपल्याकडूनही किती जण त्या यात्रेला जातात! एकसारख्या दिसणाऱ्या हजारो खेचरांत कुठलं तपासलं आणि कुठलं राहिलं, हे ओळखीच्या खुणेशिवाय कसं कळावं?

आता यात आपण बायका कुठं येतो? सगळीकडे! धार काढणं, शेण काढणं, वासरू ओढणं ही कामं कुणाची? ब्रुसेलोसिस झालेली गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभ टाकते. तो गाभ, ती वार आपण उघड्या हातांनी उचलतो आणि रोग आपल्याला लागू शकतो. मग येणारा-जाणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी. "कामाचा शीण असेल" म्हणून आपण अंगावर काढतो. म्हणून हातमोजे घालावेत, गाभ आणि वार खोल पुरावी, दूध उकळूनच घ्यावं. या रोगाची लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला आणि पारडीला, तीही आयुष्यात एकदाच देतात. ती दिली की राहिली, हे बिल्ल्याच्या नोंदीवरून कळतं.

पण गंमत बघा. गाय सांभाळते बाई, नोंद बहुतेक घरी नवऱ्याच्या नावावर आणि मोबाइल नंबरही त्याचाच. तो कामाला पुण्याला! आमच्या गटात मी विचारलं, "आपल्या गाईचा आकडा कुणाला माहीत आहे?" सतरा जणींपैकी दोघींचे हात वर झाले.

मग आम्ही ठरवलं. गटाच्या वहीत प्रत्येकीच्या जनावराचे १२ आकडे लिहायचे, शेजारी लसीच्या तारखा. जनावर घेताना बिल्ला आणि पावती दोन्ही बघायची, नोंद आपल्या नावावर करून घ्यायची. नवीन जनावर काही आठवडे वेगळं बांधायचं. विकल्यावर किंवा दगावल्यावरही दवाखान्यात कळवायचं, नाहीतर आकडे नुसते शोभेचे. बिल्ला तुटला तर दुसरा बसवून घ्यायचा, कारण विम्याचा दावाही त्यावाचून अडतो. महाराष्ट्रात जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, हेही लक्षात असू द्या. आणि गाठी, लाळ, ताप असं काही दिसलं, तर लपवायचं नाही. १९६२ हा नंबर फिरवायचा.

आणि आजींचं काय झालं? कान पिकण्याची त्यांची भीती खोटी नव्हती. त्या मुलाला मी आधी पक्कड आणि कान जंतुनाशकाने पुसायला लावलं. दोन शिरांच्या मधली जागा त्यानं आजींना बोटानं दाखवली. जखम वाळेपर्यंत रोज बघायची आणि माशा बसू द्यायच्या नाहीत, हेही सांगितलं. मग मी वहिनींची गोष्ट सांगितली. आजी वहिनींना ओळखत होत्या. पाणवठ्यावर बोलणाऱ्यांत त्याही होत्या, असं त्यांनीच खाली बघत कबूल केलं.

जरा वेळानं त्या दारातून बाजूला झाल्या. गाईच्या गळ्याखाली खाजवत म्हणाल्या, "मार बाबा. पण हळू." आणि माझ्याकडे वळून, "तेवढे आकडे मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून दे. मला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."

चुलीच्या काजळीशेजारी, दुधाच्या हिशोबाच्या वर, खडूने ते १२ आकडे मी लिहून दिले. तुमच्या भिंतीवर आहेत का?