तोड्याची कळ व चकमकीची कळ : जुन्या बंदुकांची परीक्षा आणि जतन

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांनीं मराठ्यांच्या इतिहासास कागदांचा पुरवठा विपुल केला. मिरजेस संस्कृताचें अध्यापन करतां करतां वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनीं पटवर्धनी दप्तरें वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. साताऱ्यास रावबहादुर दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनीं कागद व चित्रें जमविलीं. तो संग्रह १९३९ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेला. याप्रमाणें कागदांस वाली मिळाला. परंतु ज्या वाड्यांतून ते निघाले, त्याच वाड्यांच्या भिंतींवर टांगलेल्या बंदुकांस मात्र कोणी वाली मिळाला नाहीं. २०२४ सालीं लंडनहून आलेलीं वाघनखें साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयांत ठेवलीं, तेव्हां तीं पाहण्यास लोकांची रीघ लागली. घरच्या बंदुकीविषयीं मात्र 'शिवकालीन' या एका शब्दापलीकडे कोणास कांहीं सांगतां येत नाहीं, आणि तो शब्दही बहुधा परीक्षेवांचून उच्चारलेला असतो.

ठासणीच्या कोणत्याही बंदुकीचीं तीन अंगें असतात : नळी, कळ आणि लांकडी दस्ता. हीं तिन्ही एकाच वयाचीं असतील असें समजणें हीच पहिली चूक होय. चांगली नळी पिढ्यान् पिढ्या टिकते, दस्ता फुटतो, आणि कळ तर काळाप्रमाणें बदलली जाते. म्हणून कळीवरून नळीचें वय ठरवूं नये, व नळीवरून कळीचें ठरवूं नये.

तोड्याच्या बंदुकीची कळ अत्यंत साधी. नळीच्या मागच्या टोंकाशीं बाजूस एक बारीक छिद्र असतें. त्यास कान म्हणतात. कानाबाहेर लहानशी वाटी, व तींत बारीक दारू, म्हणजे रंजक. दस्त्याच्या खांचेंतून वर आलेल्या चिमट्यांत पेटता तोडा धरलेला असतो. चाप दाबला म्हणजे चिमटा पुढें कलतो, तोडा रंजकीस लागतो, आणि ज्वाला कानांतून आंत जाते. येथें नाजूक असें कांहींच नाहीं. मोडलें तर गांवचा लोहारही दुरुस्त करील. दोष मात्र उघड आहेत. तोडा सदैव पेटता ठेवावा लागतो, रात्रीं त्याचा निखारा शत्रूस दिसतो, पावसांत तो विझतो, आणि दारूच्या सान्निध्यांत तो नेहमींच धोक्याचा.

चकमकीच्या कळींत घोड्याच्या जबड्यांत गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढतांच आंतली पोलादी कमान सुटून घोडा आदळतो व गार पोलादी पट्टीवर घासून ठिणग्या पडतात. तीच पट्टी वाटीचें झांकणही असल्यामुळें त्याच क्षणीं वाटी उघडते व रंजक पेटते. शिपायास बंदूक भरून तयार ठेवतां येते, आणि पेटते तोडे नसल्यामुळें पलटणीस खांद्यास खांदा लावून उभें राहतां येतें. पानिपतावर १७६१ सालीं लढलेल्या इब्राहिमखानाचे गारदी, आणि १७८४ पासून महादजी शिंद्यांसाठीं द बॉयनें उभारलेलीं कंपू, हीं या नव्या पद्धतीचीं ठळक उदाहरणें होत. कंपूंसाठीं आग्ऱ्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखालीं तोफा व बंदुका होत असत.

मग चकमक आली तरी तोडा एकोणिसाव्या शतकापर्यंत कसा टिकला, असा प्रश्न वाचक करतील. त्याचें उत्तर शौर्यांत नसून पोलादांत आहे. चकमकीस उत्तम कमान हवी, योग्य गार हवी, व ती झिजली म्हणजे बदलावयास दुसरी हवी. एवढी सामग्री सरकारी फौजेस साधे. एकट्या बरकंदाजास ती साधेच असें नाहीं. शिवाय चकमकही बेभरंवशाचीच. १८३४ सालीं वुलिच येथें सर्व प्रकारच्या हवेंत चकमकीच्या व टोपीच्या बंदुकांचे प्रत्येकीं ६००० बार काढून पाहिले, तेव्हां चकमकीचे चुकलेले बार टोपीच्या सुमारें सव्वीसपट भरले. पुढें टोपीची कळ सर्वत्र झाली, आणि पुष्कळ जुन्या चकमकी कापून टोपीच्या करण्यांत आल्या.

हा फेरबदल ओळखण्याची खूण सोपी आहे. कळीच्या पत्र्यावर निरुपयोगी किंवा बुजविलेलीं भोंकें दिसलीं, वाटी कापल्याची जागा दिसली, व कानाच्या ठिकाणीं टोपी बसविण्याची पोकळ खुंटी असली, तर ती कळ मूळची चकमकीची समजावी. कंपनी सरकारच्या कळीवर १८०८ च्या सुमारापर्यंत हृदयाच्या आकृतींत आद्याक्षरें असत. पुढें मागल्या पायांवर उभा सिंह आला. मात्र इंग्रजी शिक्का असला म्हणजे कळ विलायती, असें मानूं नये; देशी कारागीर तसे शिक्के हुबेहूब उठवीत. ग्रंथांचाही आधार जपून घ्यावा. शुक्रनीतींत नालिकास्त्राचें वर्णन आहे म्हणून बंदूक आपल्याकडे प्राचीन, असें आम्हीही एके काळीं वर्गांत सांगत असूं. परंतु १९६२ सालीं लल्लनजी गोपाल यांनीं तो ग्रंथ आज मिळतो त्या रूपांत एकोणिसाव्या शतकांतला असल्याचें प्रतिपादन केलें, तेव्हांपासून तो पुरावा लंगडा पडला आहे. वस्तूच्या अंगावरील खूण हाच या विषयांतला मुख्य लेख होय.

आतां जतनाविषयीं. बंदूक निर्मळ ठेवण्याची काळजी पूर्वींही होती. अकबरानें बैलाच्या बळानें फिरणारें एक चक्र योजून सोळा नळ्या एकदम साफ करण्याची सोय केल्याचें आईन-इ-अकबरींत नमूद आहे. आमच्या भागांत शस्त्रें घासून लखलखीत ठेवण्याचें काम शिकलगारांचें. राज्यें गेलीं, शस्त्रांची मागणी सरली, आणि मिरजेच्या कांहीं शिकलगार घराण्यांनीं एकोणिसाव्या शतकांत सतार-तंबोऱ्यांचा धंदा धरला; त्या वाद्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. संगीताचा लाभ झाला, पण शस्त्रें जाणत्या हातांतून गेलीं तीं गेलींच.

आज तीं घांसण्याचें काम खंडेनवमीस घरांतले उत्साही लोक करतात, व त्यांत आमच्या जिल्ह्यांतले पेन्शनर सैनिक आघाडीवर असतात. त्यांची शिस्त आदरणीयच आहे. त्यांनीं हाताळलेल्या एस्. एल्. आर्. रायफलींत नळींतून घेतलेला वायु एका दट्ट्यास मागें ढकलतो व त्यानें पुढची गोळी आपोआप चढते. दट्ट्यावर काजळी सांचली तर हत्यार ऐन वेळीं अडेल. म्हणून तो पुसून स्वच्छ ठेवणें हा प्राणरक्षणाचा नियम. परंतु जी बंदूक पुन्हां उडवावयाची नाहीं, तिला हा नियम लावणें म्हणजे पोथी साबणानें धुण्यासारखें आहे. सैनिकाचें हत्यार चालावें म्हणून जपावयाचें. जुनें हत्यार बोलावें म्हणून.

हें आम्ही दुसऱ्यांस शहाणपण शिकविण्यासाठीं लिहीत नाहीं. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या घरीं तोड्याची एक बंदूक पाहिली. कानाजवळ गंजाखालीं दोन-तीन बाळबोध अक्षरें व एक आंकडा अस्पष्ट दिसत होता. नीट वाचतां यावें म्हणून चिंच व विटेची भुकटी लावण्याचा सल्ला आम्हींच दिला. खंडेनवमीस पुन्हां गेलों, तों नळी आरशासारखी चकाकत होती, आणि अक्षर एकही उरलें नव्हतें. आधीं कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा घेतला असता तर दहा मिनिटें लागतीं. आज त्या बंदुकीचा धनी कोण, साल कोणतें, हें सांगण्यास साधन नाहीं.

म्हणून विनंती इतकीच. प्रथम बंदूक भरलेली नाहीं याची खात्री करावी. तोंडासमोर उभें न राहतां बोथट लांकडी काठी अलगद तळापर्यंत घालावी, खूण करून काढावी, व नळीच्या बाहेरून धरावी. काठी कानाच्या बरीच अलीकडे संपली तर आंत कांहीं आहे असें समजून हात न लावतां पोलिसांस कळवावें. बंदूक उडण्याजोगी असल्यास १९५९ च्या शस्त्र कायद्याचा विचार अवश्य करावा. घोडा चढवूं नये, चाप ओढूं नये. चिंच, लिंबू, राख, वाळूचा कागद वर्ज्य. पूजेचें पाणी व कुंकू त्याच दिवशीं कोरड्या मऊ फडक्यानें टिपावें. घामाचे क्षार गंज आणतात, म्हणून सुती हातमोजे घालावे. खोबरेल वाळून चिकटतें. लोखंडास खनिज तेलाचा अगदीं पातळ हात पुरे, लांकडास तो नको. पावसाळ्यांत ओल्या भिंतीपासून दूर ठेवावी. आणि या सर्वांच्या आधीं नळी, कळ व दस्ता यांची मापें, छायाचित्रें व अक्षरांचे ठसे वेगवेगळे घेऊन तारीख घालावी.

खरेशास्त्र्यांनीं वाळवीच्या तोंडांतून कागद सोडविले. आमच्या पिढीस चिंचेच्या तोंडांतून लोखंड सोडवावयाचें आहे. येत्या खंडेनवमीपूर्वीं एवढें झालें तरी पुष्कळ झालें.