गाभण गप्पीची निगा

डेंग्यूचा डास गटारीत होत नाही. तो अंगणातल्या हौदातल्या स्वच्छ पाण्यात होतो. हिमायतनगर भागात पाणी साठवल्याशिवाय भागत नाही, म्हणून हौदात गप्पी मासे सोडावेत. एक मासा दिवसाला ८० ते १०० अळ्या खातो. उसाचा जसा बेणेमळा, तसा या माशांचा काचेच्या पेटीत घरीच करता येतो.

नर लहान व रंगीत, मादी मोठी व फिकट असते. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला हैराण करतात. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिलेच देते. मादीच्या पोटाच्या मागच्या टोकाला काळा डाग असतो. तो गडद झाला, पोट चौकोनी दिसू लागले, की दिवस भरले समजावे. साधारण २१ ते ३० दिवसांनी ती व्याते. एकदा नर लागला की पुढची काही वेते नर नसतानाही होतात, हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

घात होतो तो इथे : आईच पिले खाते. म्हणून पेटीत पाणवनस्पती दाट ठेवावी, गाभण मादीला सारखे हाताळू नये, आणि व्याल्याबरोबर तिला वेगळे काढावे. पिलांना उकडलेल्या अंड्याचा बलक अगदी चिमूटभर द्यावा; जास्त झाला की पाणी नासते. ब्लिचिंग टाकलेले नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवूनच वापरावे. फवारणीचा पंप हौदाजवळ धुतला तर सगळे मासे गेलेच म्हणून समजा.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पैनगंगेत किंवा ओढ्यात तो सोडू नये. आपल्या देशी माशांना त्याचा उपद्रव होतो. पिले दोनेक महिन्यांची झाली की हौदात सोडावीत.